एकशे एक्केचाळीस पौंडांची पावली

आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभी नोकरी नाशिक रोडच्या प्रेसमध्ये काढली. दिवसभर डोळ्यांसमोर कोऱ्या करकरीत नोटांच्या थप्प्या, आणि त्यातली एकसुद्धा आपली नाही. जाताना-येताना गेटवर झडती. "नव्या पैशाकडे बघून बघून वीट येतो गं," असं ते म्हणायचे. म्हणून की काय, संध्याकाळी घरी आले की जुनी नाणी काढून बसायचे.

त्यांचा संग्रह काही राजेरजवाड्यांचा नव्हता. पुठ्ठ्याचे ट्रे त्यांनी स्वतः कापून, चिकटवून केलेले. त्यात चौकोनी खण. प्रत्येक खणात तळाला एक चिठ्ठी, चिठ्ठीवर नाणं. चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं की नाणं कुठल्या टांकसाळीचं आणि आपल्याकडे कसं आलं. अण्णांना वेड फक्त एकाच गोष्टीचं, आपल्या नाशिकच्या टांकसाळीचं. मोगलाईत नाशिकला गुलशनाबाद म्हणायचे आणि पुढे पेशवाईतही इथल्या नाण्यांवर फारसीत तेच नाव पडत राहिलं. ते वाचता यावं म्हणून दूध बाजारातल्या एका घड्याळजींकडे बसून अण्णा फारसी अक्षरं शिकले होते. आई म्हणायची, "माझी चिठ्ठी कधी इतकं मन लावून वाचली नाही."

त्यांच्याकडे गुलशनाबादचे रुपये होते, एक अधेली, म्हणजे अर्धा रुपया, होती. आणि एक पावली होती, म्हणजे पाव रुपया. सराफ बाजारात एक सराफ ती आटवायला निघाला होता, त्याच्या हातापाया पडून अण्णांनी ती सोडवून आणली होती. त्या पावलीची गंमत अशी की जुन्या काळी ठसा मोठा आणि नाणं लहान असायचं, त्यामुळे गावाचं नाव अर्धंमुर्धंच उमटायचं. अण्णांच्या पावलीवर ते पूर्ण होतं. सगळ्या संग्रहात ती त्यांची सगळ्यात लाडकी.

ती पावली मी गंगेत फेकली.

नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, हे सांगायला नको. मी सहा वर्षांची होते. श्रावणात आत्या मला टांग्यातून पंचवटीत न्यायची. टांगा होळकर पुलावर आला की सगळ्यांनी हात जोडायचे आणि गंगेला पैसा टाकायचा. आत्या दर वेळी माझ्या हातावर पाच पैसे ठेवायची. मला त्या पाच पैशांची लाज वाटायची. पाण्यात पडल्याचं कळायचंसुद्धा नाही. त्या सोमवारी मी ठरवलं की आज गंगेला चांगलंसं काहीतरी द्यायचं. अण्णांच्या टेबलावर ट्रे उघडा होता. मी त्यातलं माझ्या मुठीत मावेल असं गोल, जाड, छान चांदीचं नाणं उचललं. पुलावर टांग्यात उभी राहिले आणि आत्या "अगं बाई, पडशील!" म्हणेस्तोवर जोरात फेकलं.

संध्याकाळी घरात कळलं. आई माझ्यापुढे येऊन उभी राहिली, म्हणजे मार चुकावा म्हणून. पण अण्णांनी सायकल काढली, मला दांडीवर बसवलं आणि थेट पुलावर नेलं. "कुठून टाकलीस? दाखव." मी दाखवलं. "कशी टाकलीस?" त्यांनी माझ्या हातात एक खडा दिला. मी तो फेकला. अण्णा कठड्याला टेकून खाली पाण्याकडे बघत राहिले.

पाणी उतरल्यावर त्यांनी दोन रविवार गंगेत बुड्या मारून पैसे शोधणाऱ्यांना कामाला लावलं. निघालं काय, तर पाच-दहा पैसे, सुपाऱ्या, देवाचा एक पितळी टाक आणि कुणाची तरी किल्ली. पावली गेली ती गेली. अण्णांनी त्या लोकांना चहा पाजला आणि घरी आले. मला रागाचा एक शब्द बोलले नाहीत, ना त्या दिवशी, ना नंतर. ओरडले असते, दोन धपाटे घातले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त तो रिकामा खण तसाच ठेवला आणि त्यातल्या चिठ्ठीवर एक शब्द वाढवला. "पावली. गुलशनाबाद. गंगार्पण."

पन्नासहून जास्त वर्षं मी तो शब्द बघते आहे. कुणी पाहुणा आला आणि अण्णांनी ट्रे काढले की त्या खणाची पाळी यायच्या आत मी चहा टाकायला आत पळायचे. माझं लग्न झालं, मुलं झाली, एका सहकारी बँकेत एकतीस वर्षं कॅश काउंटरवर बसून मी रिटायर झाले, तरी चहा टाकायला पळणं काही थांबलं नाही.

आई गेल्यापासून अण्णा आमच्याकडेच असतात, जेलरोडला. आता ते शहाऐंशीचे आहेत. मागच्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की पडद्याचा विकार आहे, समोर मधोमध जे दिसतं ते हळूहळू पुसट होत जाणार. "वाचायचं ते आत्ता वाचून घ्या आजोबा," असं ते बापडे हसून म्हणाले. अण्णाही हसले. मला मात्र घरी येईपर्यंत रिक्षात दुसरं काही सुचेना. तो खण भरायचा तर आत्ताच. अण्णांना ती अक्षरं स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येताहेत तोवर.

मग मी शोधायला लागले. सराफ बाजार पालथा घातला, नाण्यांच्या प्रदर्शनांत हिंडले. रुपये मिळत होते, पावली नाही. मिळाली तर नाव अर्धं. शेवटी एका रविवारी दुपारी टॅबवर चाळता चाळता ती दिसली. इंग्लंडमधल्या कुठल्याशा लहान गावातला एक म्हातारा जुनी नाणी विकत होता, त्याच्या यादीत. मी फोटो मोठा केला आणि अण्णांकडे नेला. विकत घ्यायचं वगैरे काही बोलले नाही.

"अण्णा, हे काय लिहिलंय हो?"

त्यांनी टॅब नाकाशी नेला. मान वाकडी करून, कोंबडी बघते तसं एका डोळ्याच्या कडेनं बघितलं. आता त्यांना तसंच दिसतं. बोट अक्षरांवरून फिरवलं. "गुल... शन... अगं, पूर्ण आहे! पूर्ण गुलशनाबाद आहे हे. कुठंय ही?" मी म्हटलं, "विलायतेत." "असू दे, असू दे," ते म्हणाले, "सुखात आहे ना." आणि टॅब मला परत दिला. पण दुपारभर त्यांनी तीनदा विचारलं की तो फोटो अजून आहे का.

किंमत होती एकशे चाळीस पौंड. आमच्या ह्यांनी हिशेब केला आणि कपाळाला हात लावला. "पाव रुपयाला सोळा-सतरा हजार! तुला बँकेत ठेवलं कुणी होतं?" मी म्हटलं, तुमच्या खिशातून जात नाहीयेत, माझ्या पेन्शनमधून जाताहेत, गप बसा.

आता पैसे पाठवायचे. मला वाटलं त्यात काय आहे? मी त्या म्हाताऱ्याला, माझ्या इंग्रजीला जमेल तसं, लिहून पाठवलं की क्यूआर कोड पाठवा, लगेच करते. इथं आमचा कोथिंबीरवाला क्यूआर कोड ठेवतो. त्यांचं अत्यंत सभ्य उत्तर आलं की बाईसाहेब, ही वस्तू काय असते ते मला कळलं नाही. मग कार्डाचं विचारलं. ते म्हणाले, कार्ड मी घेत नाही. एकदा एकानं नाणं हातात पडल्यावर कार्डाचे पैसे मागे फिरवले, तेव्हापासून कानाला खडा. फक्त बँकेतून बँकेत. तुमच्यासाठी येत्या शनिवारपर्यंत नाणं राखून ठेवतो. त्यानंतर मात्र एक जर्मन गृहस्थ वाट बघताहेत, त्यांना द्यावं लागेल.

"आणि हा भामटा निघाला तर?" आमचे हे म्हणाले. त्यांचंही खरं होतं. म्हणून मी त्या भल्या माणसाला सांगितलं की आजच्या वर्तमानपत्रावर नाणं ठेवून फोटो काढा. कुणाला पळवून नेल्यावर सिनेमात मागतात ना, अगदी तसं. दुसऱ्या दिवशी फोटो आला. वर्तमानपत्र, त्यावर पावली, शेजारी त्यांचा सुरकुतलेला अंगठा आणि कोपऱ्यात मांजराचं शेपूट. मला एकदम विश्वास वाटला. भामटे मांजर पाळत नसावेत, असं आपलं मी ठरवून टाकलं.

सोमवारी सकाळी कॉलेज रोडच्या मोठ्या बँकेत गेले. माझ्या जुन्या बँकेतून परदेशी पैसे जात नाहीत. तिथं परदेशी व्यवहाराच्या टेबलावर एक तरुण मुलगी होती. तिनं फॉर्म दिला, पॅनकार्ड घेतलं, म्हाताऱ्यानं पाठवलेलं बिल घेतलं. "काकू, पैसे पाठवण्याचं कारण काय टाकू?" मनात आलं, सांगावं हिला, टाक बाई प्रायश्चित्त. पण म्हटलं, "नाणं घेतेय. वडिलांसाठी." तिनं यादीतून कसलासा नंबर शोधून टाकला.

रकमेच्या रकान्यापाशी माझा हात थांबला. वडिलांना द्यायची वस्तू, तीही चांदीची, तीही इतक्या वर्षांनी, आणि त्याला शून्यावर संपणारी रक्कम? आपल्याकडे लग्नाच्या पाकिटात कुणी शंभर घालतं का? एकशे एक घालतो. पाकिटावर तो रुपया चिकटवलेलाच येतो. मी काही विचारच केला नाही. एकशे एक्केचाळीस लिहिलं, अक्षरी आणि अंकी, आणि खाली झोकात सही ठोकली. मुलगीही घाईत होती, तिनं शिक्का मारला. मी बाहेर येऊन समाधानानं उसाचा रस प्यायले.

बुधवारी दुपारी बँकेतून फोन आला. "काकू, तुमचं पेमेंट मुंबईला अडकलंय. बिल एकशे चाळीसचं आणि तुम्ही एकशे एक्केचाळीस पाठवताय. एक पौंड जास्त कशाचा, असं विचारताहेत."

एकतीस वर्षं! एकतीस वर्षं मी लोकांना आकड्यात आणि अक्षरात फरक आहे म्हणून स्लिपा परत दिल्या. एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला एका रुपयाच्या चुकीसाठी मी पुन्हा रांगेत उभं केलं होतं, आणि तो बिचारा देवळ्याहून एसटीनं आला होता. आज त्याची आठवण झाली, आणि अशी लाज वाटली म्हणता! रिक्षा करून धावत बँकेत गेले.

मुलीला सगळं सांगितलं. शुभाचा एक आहे म्हटलं. ती तोंडावर हात ठेवून खुदकन हसली. "काकू, मला कळलं हो. माझी आजी पण असंच करते. पण मुंबईच्या साहेबांना शुभाचा एक कुठल्या रकान्यात दाखवू?"

"मग तो एक कापून टाक बाई. चुकलं माझं."

"कापता येत नाही. हा फॉर्म रद्द करायचा, पैसे तुमच्या खात्यात परत येणार, मग नवा फॉर्म. सोमवार उजाडेल."

सोमवार! शनिवारी पावली जर्मनीला जाणार होती. मी तिथंच खुर्चीवर बसले. एकदा हातानं गंगेत घातली, आता पुन्हा हातानंच घालवतेय, हे डोक्यात आलं आणि मला स्वतःचा असा संताप आला की त्या टेबलावरचं पेन फेकून द्यावंसं वाटलं. मुलीनं पाण्याचा ग्लास पुढे केला. तिला माझ्यावर डाफरायचा पूर्ण हक्क होता, मी तिच्या जागी असते तर नक्की डाफरले असते. ती म्हणाली, "एक करता येईल काकू. त्यांनी बिलच एकशे एक्केचाळीसचं करून दिलं तर आजच्या आज मी पुढे पाठवते. विचारून बघा ना."

तिथंच बसून मी मोबाइलवर त्या म्हाताऱ्याला लिहिलं. सगळंच लिहिलं. आमच्याकडे आनंदाच्या कामाला रक्कम शून्यावर थांबवत नाहीत, वर एक ठेवतात, म्हणजे देणं-घेणं संपलं असं होत नाही, पुढे चालू राहतं. तो एक मी सवयीनं ठेवला. मग सहा वर्षांची मुलगी, टांगा, पूल, अण्णांचे डोळे, तेही लिहिलं. त्याचा काही संबंध नव्हता, पण बोटं थांबेनात. शेवटी लिहिलं की कृपा करून बिल बदलून द्या.

संध्याकाळी उत्तर आलं. मी गॅसवरची आमटी तशीच सोडून वाचायला बसले आणि ती उतू गेली.

त्यांनी लिहिलं होतं की मी आयुष्यभर नाणी विकतोय, किंमत कमी करा म्हणणारे रोज भेटतात, वाढवून देणाऱ्या तुम्हीच पहिल्या. सोबत नवं बिल होतं. त्यावर दोन ओळी. पहिली, चांदीचं नाणं, पाव रुपया, एकशे चाळीस पौंड. दुसरी, शुभाचा, एक पौंड. खाली बेरीज आणि सही. आणि शेवटी लिहिलं होतं की जर्मन गृहस्थांना मी कळवून टाकलं आहे, आता शनिवारची घाई करू नका. आणि हा एक पौंड मी खर्च करायचा असतो की ठेवायचा असतो, तेवढं सांगा.

मी लिहिलं, ठेवा हो ठेवा. खर्च नका करू.

ते बिल बघून बँकेतल्या मुलीनं शेजारच्या टेबलावरच्या चौघांना बोलावून दाखवलं. मुंबईच्या साहेबांनी काही न बोलता पैसे सोडले. तीन आठवड्यांनी पोस्टमन आला, कस्टमची रक्कम भरून घेतली आणि माझ्या हातात काडेपेटीपेक्षा थोडं मोठं पुडकं ठेवलं. मी ते तसंच अण्णांकडे नेलं. सकाळची वेळ होती, ते खिडकीशी उन्हात बसले होते.

"काय आहे?"

"उघडा तुम्हीच."

त्यांनी कागद सोडवला. पावली तळहातावर घेतली. आधी वजन पाहिलं, मग कडेवरून अंगठा फिरवला. मग भिंग मागितलं आणि मान वाकडी करून बघायला लागले. बराच वेळ गेला. त्यांना दिसतंय की नाही तेच मला कळेना. आणि मग ते मोठ्यानं वाचायला लागले. एकेक अक्षर, सावकाश, पहिलीतलं पोर वाचतं तसं. गुलशनाबाद. दोनदा वाचलं. "अरे वा! अरे वा गं!" म्हणाले आणि माझ्या गुडघ्यावर जोरात थाप मारली.

मी ट्रे आणला. तो खण त्यांच्यासमोर धरला. "ठेवा अण्णा. जागेवर ठेवा आता."

"तिथं कशाला? तो खण भरलेला आहे."

मला वाटलं, डोळ्यांमुळे चुकतंय त्यांचं. "अण्णा, रिकामा आहे हो. हा बघा, गंगार्पणवाला."

"तोच म्हणतोय मी. तो भरलेला आहे. हिला शेजारी नवा खण कर." मग ते माझ्याकडे बघायला लागले, तसंच कडेनं. "तू हे सगळं त्या खणासाठी केलंस की काय?"

मी मान डोलावली.

"अगं वेडे, मी प्रत्येक पाहुण्याला आधी तोच खण दाखवायचो. तू कधी बसलीच नाहीस ऐकायला, नेमकी चहा टाकायला उठायचीस. ती चिठ्ठी काढ बरं बाहेर."

मी चिठ्ठी काढली. इतक्या वर्षांत तिला कुणाचा हात लागायचं कारणच नव्हतं, वर उचलायला नाणंच नव्हतं ना. कागद पिवळा पडून पुठ्ठ्याला चिकटला होता, नखानं सोडवावा लागला. "पावली. गुलशनाबाद. गंगार्पण." हे मला पाठ होतं.

"उलटी कर," अण्णा म्हणाले. "माझे डोळे आता दमले, तूच वाच."

मागे त्यांच्या त्या वेळच्या ठसठशीत अक्षरात, निळ्या शाईत, लिहिलेलं होतं. "मुलीने टाकली. वय सहा. पुलावरून पुन्हा खडा टाकून दाखवला. फार लांब गेला. हात चांगला आहे."

मी साठीची बाई ट्रे मांडीवर घेऊन हमसून हमसून रडायला लागले. अण्णांनी घाईघाईनं हातातली पावली माझ्यासमोरून मागे घेतली आणि सदऱ्याला पुसली.

"अगं, नाण्यावर पाणी पाडू नकोस," ते म्हणाले. "आणि जा, चहा टाक. आज मीही येतो आत."